टीव्हीची मागची बाजू

टीव्ही बसवणं आणि वापरणं याबद्दल वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात या वेळी घेतली आहेत. मी १९८७ पासून चिपळुणात टीव्ही दुरुस्त करतो. घरात टीव्ही आला की सगळे त्याच्या समोर बसतात, माझा मात्र उभा जन्म त्याच्या पाठीमागे गेला. लोक विचारतात ते पडद्याबद्दल: किती इंची घेऊ, चित्र कुठल्याचं चांगलं. पण इतक्या वर्षांत मी जे जळलेलं, पडलेलं, झटका दिलेलं पाहिलं, ते जवळजवळ सगळं मागच्या बाजूचं होतं. भिंत, स्क्रू, प्लग, वायर. म्हणून उत्तरं देताना प्रत्येकाला मी थोडं मागे घेऊन जाणार आहे.

आमचं घर चिऱ्याचं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. ४३ इंची टीव्ही घेतला. तो लावायला आलेल्या मुलाने भिंतीला चार भोकं पाडली, तर स्क्रू नुसते जागच्या जागी फिरतायत. तो म्हणतो, सिमेंट भरू, उद्यापर्यंत पक्कं होईल. होईल का? (एक वाचक, गुहागर)

दादा, त्या भोकांवर टीव्ही टांगू नका. तुम्ही वेळेत विचारलंत, बरं झालं.

चिरे ज्या दगडाचे असतात तो जांभा दिसायला दगड असला तरी आतून जाळीदार असतो. त्यावर ड्रिल हॅमरवर ठेवून, म्हणजे ठोके मारत, चालवलं की आतला भुगा पडतो आणि भोक बिटापेक्षा, म्हणजे ड्रिलच्या टोकाच्या सळीपेक्षा, मोठं होतं. मग स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात घालतात ती प्लास्टिकची गिट्टी त्यात सैल बसते. वर सिमेंट भरलं तर ते त्या भुग्याला चिकटतं, दगडाला नाही. महिना-दोन महिने टिकल्यासारखं वाटतं आणि एक दिवस गिट्टीसकट सगळं बाहेर येतं. चिऱ्याच्या घरात मी हॅमर बंदच ठेवतो, आधी एक नंबर बारीक बिट लावतो आणि भोक चिऱ्याच्या मधोमध घेतो. दोन चिऱ्यांच्या सांध्यात कधीच घेत नाही, जुन्या घरात तिथे चुना नाहीतर मातीच असते.

तुमच्या भिंतीला आता चार भोकं वाया गेलीच आहेत, तर फळीचा मार्ग धरा. अठरा मिलिमीटरच्या चांगल्या प्लायची तीन फूट लांब, फूट-सव्वा फूट रुंद फळी घ्या. ती आठ-दहा लांब स्क्रूंनी भिंतीला बसवा, स्क्रू तीन-चार वेगवेगळ्या चिऱ्यांत जातील असे पाहा. टीव्हीचं ब्रॅकेट त्या फळीला, आरपार नट-बोल्टने. बोल्टची डोकी फळीच्या मागच्या बाजूला राहतात, म्हणून ते आधी घालायचे आणि मग फळी भिंतीला लावायची. असं केलं की सगळा भार चार भोकांवर न येता दहा ठिकाणी वाटला जातो. फळीला रंग दिलात तर टीव्हीमागे ती दिसतही नाही.

४३ इंची टीव्ही आठ-नऊ किलोचा असतो. तेवढं वजन फार नाही, पण ब्रॅकेट कुठलं आहे यावर सगळं अवलंबून. भिंतीला चिकटून बसणारं असेल तर ओढ खाली. हात बाहेर काढून टीव्ही फिरवता येतो तसलं असेल तर ओढ खाली आणि बाहेरही. पाण्याची कळशी कडेवर घेऊन आपण विहिरीवरून घरी येतो. तीच कळशी हात लांब करून धरा, दहा पावलं जाववत नाही. वरच्या दोन स्क्रूंना तसंच होतं. चिऱ्याच्या भिंतीवर फिरतं ब्रॅकेट मी लावून देत नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी नाही.

आणि टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेटची परीक्षा घ्या. मी तीस किलो तांदळाचं पोतं दोरीने ब्रॅकेटला बांधतो आणि अर्धा-पाऊण तास तसंच ठेवतो. ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची. पोतं उतरवल्यावर ती रेघ केसभरही सरकलेली दिसली, तर टीव्ही खोक्यातच राहू द्यायचा.

ज्यांची घरं विटांची आहेत त्यांनाही दोन शब्द. नऊ इंची भिंत असेल तर काळजी नाही, फक्त गिलाव्यातच अडकणारे आखूड स्क्रू वापरू देऊ नका. साडेचार इंची असेल तर पलीकडे काय आहे ते बघा, बाथरूम असेल तर नळाचा पाइप त्याच भिंतीत असतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावू नका, आतून वायर त्याच रेषेत जाते. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकची भिंत असते. तिला साधी गिट्टी चालत नाही, त्या ब्लॉकसाठी वेगळी गिट्टी मिळते. आणि तिथेही हॅमर बंद.

एक गोष्ट कोकणातल्या सगळ्यांसाठी. टीव्हीची भिंत जुलैत बघा आणि टीव्ही ऑक्टोबरात लावा. उन्हाळ्यात कोरडीठाक दिसणारी भिंत पावसात हाताला ओली लागत असेल, तर तिथे टीव्ही नको. मागच्या बोर्डावर हिरवी बुरशी चढते आणि दोन पावसाळ्यांत टीव्ही माझ्याकडे येतो.

टीव्हीच्या मागे डिशची केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर मंद पेटतो. नवरा म्हणतो, थोडा करंट सगळ्याच टीव्हीत असतो, काही होत नाही. (एक भगिनी, कराड)

ताई, तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्यावर माणूस जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजच्या बहुतेक टीव्हींना आणि सेटटॉप बॉक्सना दोन पिनांचा प्लग असतो. मागे चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली दिसेल. तिचा अर्थ, आत दुहेरी आवरण आहे, अर्थिंगची वायर लागत नाही. पण आतल्या पॉवर सप्लायमध्ये नको ते सिग्नल गाळण्यासाठी निळ्या रंगाचे छोटे कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारे भाग, असतात. ते फेज (करंटची वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यापासून केबल लावायच्या धातूच्या भागाकडे जोडलेले असतात. त्यामुळे त्या धातूवर निम्म्याच्या आसपास, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट मीटरवर दिसतात. करंट मात्र एका मिलीअँपिअरपेक्षाही कमी. बोटाला मुंगी चालल्यासारखं होतं, टेस्टर मंद पेटतो. एवढंच असेल तर घाबरू नका.

आता दुसरी बाजू. एका वाडीत मला टीव्ही बघायला बोलावलं होतं. त्या घरातल्या काकूंचा हात टीव्हीची केबल काढताना इतक्या जोरात मागे फेकला गेला की कोपर कपाटावर आपटलं. मी गेलो, केबल टीव्हीतून काढलेलीच होती, टीव्हीचा प्लगही बाहेर. नुसत्या लोंबत्या केबलच्या टोकाला टेस्टर लावला तर लख्ख पेटला. केबल बाहेरून येत होती, म्हणून तिच्यामागे चालत गेलो. घरामागच्या आंब्यावरून ती गेली होती, त्याच फांदीवरून खांबावरून घरात येणारी विजेची सर्व्हिस वायरही. वाऱ्याने दोन्ही घासून घासून आवरणं गेलेली. केबलची बाहेरची जाळी सरळ फेजला लागली होती, पूर्ण २३० व्होल्ट. त्या लाइनवरच्या चार घरांत सेटटॉप बॉक्स जळाले होते आणि चारही घरं बॉक्सच्या कंपनीला दोष देत होती. टीव्हीचा काहीच दोष नव्हता. करंट टीव्हीतून येत नव्हता, टीव्हीकडे येत होता.

म्हणून तुम्ही असं करा. टीव्ही आणि बॉक्स दोघांचे प्लग बाहेर काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका. केबलच्या धातूला हात न लावता, तिचं काळं आवरण धरून ती मोकळी करा. हे करताना पायात चप्पल असू द्या. मोकळ्या टोकाला टेस्टर लावा. पेटला नाही, तर तुमच्या झिणझिण्या त्या निळ्या कपॅसिटरच्याच. यापुढे केबल आधी जोडायची आणि प्लग शेवटी लावायचा, झिणझिण्या येणारच नाहीत. पेटला, तर केबलला हात लावू नका, मुलांना त्या खोलीत सोडू नका आणि केबलवाल्याला व वायरमनला बोलवा. झिणझिणीऐवजी कधी झटका बसला, तर टेस्टरचीही वाट बघू नका, मेन स्विच पाडा.

वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडून अजून एक गोष्ट तपासून घ्या. बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंगची वायर खरंच आहे का? पुष्कळ घरांत भोक असतं, मागे वायर नसते. फेज आणि अर्थिंगमध्ये त्याने दिवा लावून बघितला तर तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर या तपासणीत तो पडेल, आणि पडला तर आनंद माना, तो काम करतोय. बसवलेला नसेल तर ३० मिलीअँपिअरचा बसवून घ्या. टीव्हीच्या किमतीच्या मानाने तो काहीच महाग नाही.

आणि ज्या टीव्हीला तीन पिनांचा प्लग आला आहे, त्याची वरची पिन दोन भोकांच्या बोर्डात जावी म्हणून कापू नका. हे मी आजही बघतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

स्टॅबिलायझर असून मे महिन्यात आकाशातल्या विजेने टीव्ही गेला. टीव्ही बंद होता, बोर्डावरचा स्विचही बंद होता. मग वीज आली कुठून? आणि नव्या टीव्हीला पुन्हा स्टॅबिलायझर घ्यावा का? (एक शेतकरी वाचक, बीड जिल्हा)

दोन वाटांनी. बोर्डावरचा स्विच फक्त फेजची वायर तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. आणि स्विचच्या आत बंद असताना जे अंतर असतं ते काही मिलिमीटरचं. आकाशातून जमिनीपर्यंत जी आली तिला ते अंतर म्हणजे काहीच नाही. दुसरी वाट गच्चीवरच्या डिशची. लोखंडी पाइप, लोखंडी छत्री आणि तिच्यापासून थेट टीव्हीच्या पाठीत जाणारी तांब्याची केबल. स्टॅबिलायझर या वाटेवर नाहीच. तसाही तो व्होल्टेज हळूहळू वर-खाली होतं त्यासाठी असतो, विजेच्या लोळासाठी नाही.

उपाय एकच, प्लग बाहेर आणि डिशची केबलही बाहेर. इंटरनेटची तांब्याची वायर टीव्हीला किंवा राउटरला असेल तर तीही. पण हे कधी करायचं ते नीट लक्षात ठेवा. आभाळ भरून आलं, वारा फिरला, लांब कुठे गडगडलं, तेव्हा. डोक्यावर विजा चमकायला लागल्यावर केबल काढायला जाऊ नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग टीव्ही गेला तर जाऊ दे, तुम्ही हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे, ते फोनवर घ्या. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना ते देतं. रानात काम करणाऱ्याला तर टीव्हीसाठी नाही, जिवासाठी ते हवं.

यातूनच टीव्ही बसवतानाची एक गोष्ट येते. प्लग टीव्हीच्या बरोबर मागे घेऊ नका. आजकाल वायर दिसू नये म्हणून पॉइंट टीव्हीमागे लपवतात. मग वळीव आला की प्लग काढायला हात जात नाही आणि माणूस म्हणतो, राहू दे. पॉइंट टीव्हीच्या बाजूला वीतभर सरकवून घ्या, घरातल्या सगळ्यांचा हात पोचेल असा.

स्टॅबिलायझर घ्यावा का, हेही तुम्ही विचारलंय. टीव्हीच्या मागे '१००–२४० व्होल्ट' असं छापलं असेल तर कमी व्होल्टेजची चिंता तो स्वतःच बघतो. गावाकडे खरी भीती जास्त व्होल्टेजची. खांबावरची न्यूट्रल तुटली की दोन फेज मिळून घरात ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. दिवे अचानक प्रखर झाले, पंखा पिसाटासारखा फिरायला लागला की समजा तेच झालं. आधी मेन पाडा, मग १९१२ वर तक्रार करा. जास्त व्होल्टेज आलं की आपोआप लाइन तोडणारं छोटं यंत्र मिळतं, तुमच्यासाठी स्टॅबिलायझरपेक्षा ते बरं.

नातू दीड वर्षाचा झालाय, टीव्हीखालच्या ड्रॉवरना धरून चढतो. टीव्ही स्टँडवर आहे. भिंतीला लावणं भाड्याच्या घरात जमणार नाही. (एक आजी, डोंबिवली)

आजी, तुम्हाला दिसतंय म्हणजे त्याला वाचवायला अजून वेळ आहे. आज दोन कामं करून टाका.

पहिलं, टीव्ही बांधा. स्टँडवरचा नवा टीव्ही हलका आणि पातळ असतो, मूल कडेला लोंबलं की तो पुढे झुकतो. टीव्हीच्या मागे ब्रॅकेटसाठी चार भोकं असतातच. वरच्या दोन भोकांत योग्य मापाचे स्क्रू घालून त्यांना नायलॉनचा पट्टा बांधा आणि पट्टा टेबलाच्या मागच्या फळीला खाली ओढून घ्या. टेबल हलकं असेल तर तेही भिंतीला एका कोनपट्टीने धरवा, नाहीतर टेबलासकट सगळं अंगावर येईल. दोन छोटी भोकं पडतील, घर सोडताना पुट्टी लावून बुजवता येतात. घरमालकाला मूल दाखवा, तो नाही म्हणणार नाही. स्क्रू मात्र हाताने फिरेल तेवढाच फिरवा. अडला तर जोर लावू नका, लांब स्क्रू आत पडद्याच्या मागे टेकतो आणि चित्रावर उभी रेघ येते.

दुसरं काम, ड्रॉवर. चढायची शिडी तीच आहे, त्यांना कुलपं लावा. टीव्हीच्या वर किंवा मागे रिमोट, खेळणं, बिस्किटाचा पुडा काही ठेवू नका. मूल टीव्हीसाठी चढत नाही, वर दिसलेल्या वस्तूसाठी चढतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. टीव्हीच्या मोठ्या रिमोटमध्ये पेन्सिल सेल असतात, पण स्पीकरच्या वगैरे छोट्या चपट्या रिमोटमध्ये बटणासारखा गोल सेल असतो. तो मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. उलटी करवू नका, केळं-भात भरवू नका, रडायचं थांबला म्हणून वाट बघू नका. थेट एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि 'बटण सेल' हे दोन शब्द दारातच सांगा. असा रिमोट घरात असेल तर त्याचं झाकण आजच चिकटपट्टीने गुंडाळा.

माळ्यावर १९९५ सालचा जुना २१ इंची डबा टीव्ही आहे. मुलगा आठवीत आहे, त्याला तो उघडून बघायचाय. वीस वर्षं प्लग लावलेला नाही, मग उघडायला हरकत काय? (एक वाचक, सांगली)

मुलाला उघडून बघावंसं वाटतं याचा मला फार आनंद झाला. मीही असाच एक मुलगा होतो. पण हा टीव्ही नको.

रंगीत डब्याच्या काचेच्या नळीला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. नळीच्या काचेला आतून-बाहेरून काळा लेप असतो, त्यामुळे ती स्वतःच एक कपॅसिटर बनते आणि टीव्ही बंद केल्यावरही विजेचा भार धरून ठेवते. वीस वर्षांत तो उरला नसेल असं तुम्ही म्हणाल, आणि बहुधा नसेलही. पण माझ्या उस्तादांनी मला 'बहुधा' हा शब्द टीव्हीच्या बाबतीत वापरू दिला नाही. उस्ताद मागचं झाकण काढलं की पहिल्यांदा उजव्या हातातला लांब स्क्रूड्रायव्हर, त्याला बांधलेली वायर, वायरचं दुसरं टोक नळीबाहेरच्या जाळीला, आणि मग नळीला दाब पोचवणाऱ्या वायरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हरचं टोक सरकवायचे. 'टच्' असा आवाज यायचा. डावा हात तोवर पँटच्या खिशात, म्हणजे चुकून लागलाच तर करंट एका हातातून दुसऱ्या हातात छातीमार्गे जाऊ नये. मिनिटभराने पुन्हा तेच, कारण थोडा भार परत येतो. पहिली सहा महिने त्यांनी मला ते करू दिलं नाही, फक्त बघू दिलं.

आणि भाराशिवायही त्या नळीत हवा नाही, पोकळी आहे. मागची बारीक मान हातोडी लागून तुटली तर काच आत फुटते आणि तुकडे बाहेर उडतात. भंगारात नेल्यावर तांब्यासाठी तिला असंच फोडतात, आणि काचेतलं शिसं मातीत जातं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रातच तो द्या, तुमच्या नगरपालिकेत चौकशी करा. माळ्यावरून उतरवताना काचेची बाजू छातीकडे घेऊन दोघांनी उतरवा, त्याचं सगळं वजन पुढच्या काचेत असतं.

मुलाला सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर आणून द्या. त्यात कुठेही हात घातला तरी नऊ व्होल्टच्या वर काही नाही. स्पीकर, कॉइल, कपॅसिटर, सगळं डोळ्यांनी बघता येईल. उघडून त्याने परत जोडला आणि तो वाजला, तर मला पत्र पाठवायला सांगा.

पुराच्या पाण्यात टीव्ही भिजला. वाळवून चालू करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा माझं दुकानही गेलं. पाणी ओसरल्यावर लोक डोक्यावर टीव्ही घेऊन माझ्या दारात उभे होते, गाळाने भरलेले. कुणी पंख्याखाली वाळवलेला, कुणी उन्हात. त्यातले ज्यांनी आधीच घरी प्लग लावून बघितले होते, त्यांच्यात माझ्याने काही करता आलं नाही. वरून कोरडा दिसणारा बोर्ड आतून ओला असतो, आणि पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं. त्यातला बारीक गाळ चिपच्या पायांत बसतो, वाळला तरी दमट हवेत त्यातून करंट वाहतो. 

म्हणून पहिलं, भिजलेल्या टीव्हीला प्लग लावू नका, 'एकदाच बघू' म्हणूनही नाही. विमा असेल तर उघडण्याआधी फोटो काढा, मागच्या पट्टीवरचा नंबरही फोटोत येऊ द्या. पाणी पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत चढलं असेल तर आतल्या पांढऱ्या पातळ कागदांत ते शोषलं जातं, त्याचे डाग जात नाहीत. त्यावर पैसे घालू नका. फक्त स्टँड भिजला असेल तर कारागिराकडे न्या.

टीव्हीपेक्षा बोर्डाची काळजी जास्त करा. भिंतीत पाणी गेलं असेल तर वायरमनने मेगरने, म्हणजे वायरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासल्याशिवाय मेन चढवू नका. आणि पुढच्या वेळी पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन पाडा. पाण्यात उभं राहून मेनला हात लावायचा नाही.

मी एकटीच राहते. सोबत म्हणून ३२ इंची टीव्ही दिवसभर चालू असतो, कधी लागलेलाच ठेवून झोपही लागते. मुलगा फोनवर रागावतो, आग लागेल म्हणतो. खरंच लागते का? पुसायचा कसा तेही सांगा. (एक आजी, वाई)

आजी, टीव्ही नुसता चालू आहे म्हणून आग लागत नाही. तुमच्या ३२ इंची टीव्हीला एखाद्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी वीज लागते. आग लागते ती मागे: सैल प्लगमध्ये, एकाला एक जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांत, किंवा टीव्हीवर झालर, शाल टाकून हवा कोंडली तर. गणपतीत मखराचा पडदा टीव्हीवर येतो आणि त्याच बोर्डावर दिव्यांच्या माळा लावतात, तेवढे दिवस टीव्हीचा प्लग वेगळा घ्या. टीव्हीवर फुलदाणी, तांब्या, समई ठेवू नका. मागे चार बोटं जागा मोकळी राहू द्या.

झोपेसाठी रिमोटमध्ये 'स्लीप टायमर' असतो. मुलगा आला की त्याच्याकडून एक तासाचा लावून घ्या, टीव्ही आपला आपण बंद होईल. आवाज सोबतीला राहील आणि त्याचीही काळजी जाईल.

पुसताना आधी प्लग काढा. मऊ कोरडं सुती फडकं घ्या, डाग असेल तर फडक्याचं टोक पाण्याने किंचित ओलं करा. पडद्यावर थेट काही फवारू नका, खाली ओघळून कडेच्या पट्टीत जातं. काच पुसायची औषधंही नकोत, नव्या पडद्यावर वरून प्लास्टिकचा पातळ थर असतो.

आता तुम्हाला एक काम देतो. आज संध्याकाळी टीव्ही दोन तास चालू द्या. मग बोर्डावरचा स्विच बंद करा, प्लग बाहेर काढा आणि पिनांना हात न लावता त्याचं प्लास्टिक तळहातावर धरा. गार किंवा जेमतेम कोमट लागला तर निवांत झोपा. चहाच्या कपासारखा गरम लागला, किंवा कड पिवळी-तपकिरी झालेली दिसली, तर तो पुन्हा लावू नका, दुसऱ्या दिवशी वायरमनकडून पॉइंट बदलून घ्या. कसा लागला ते मला दोन ओळींत कळवा, मी पत्राची वाट बघतो.